धारचुला–दार्चुला : एक नदी, दोन देश

उत्तराखंडच्या पिथोरागढ जिल्ह्यात काली नदीच्या काठावर धारचुला वसले आहे आणि पलीकडच्या काठावर नेपाळचे दार्चुला. नेपाळमध्ये या नदीला महाकाली म्हणतात. 1816 मध्ये लागू झालेल्या सुगौली तहाने ती सीमा ठरली.

दोन्ही गावांना जोडतो तो पादचाऱ्यांचा झुलता पूल. भारतीय आणि नेपाळी नागरिकांना व्हिसा लागत नाही. सुरक्षा जवानांकडून तपासणी झाली की माणसे सामानसुमान घेऊन पलीकडे जातात. खरी गंमत घड्याळाची. नेपाळची वेळ भारताच्या 15 मिनिटे पुढे, त्यामुळे धारचुल्यात दहा वाजले की दार्चुल्यात सव्वादहा! हिशेबही दुहेरी: शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी.

काठ दोन असले तरी सोयरीक एकच. रं (शौका) समाजाची घरे दोन्हीकडे आहेत. पूर्वी हा समाज तिबेटशी लोकर आणि मिठाचा व्यापार करी; 1962 च्या भारत-चीन युद्धानंतर तो थांबला. लिपुलेख मार्गाने कैलास-मानसरोवरला जाणारे यात्रेकरूही धारचुल्यावरूनच पुढे जातात.

पूल रात्री बंद असतो, निवडणुकीच्या काळातही. पलीकडे जायचेच असेल तर ओळखपत्र खिशात असू द्यावे आणि परतीची वेळ आधीच विचारून घ्यावी.