ढब्बू पैसा, शिवराई आणि बनावट हनुमान

वर्धा शहर बोरगाव मेघेकडे सरकत गेलं आणि कपाशी-तुरीच्या वावरांत लेआउट पडले. पाया खोदताना किंवा पहिल्या पावसानंतर वखर चालवताना कधी एखादी हिरवी पडलेली चकती वर येते. मग घरात लगेच दोन तट पडतात. आजोबांना ती शिवकालीन वाटते, तर नातू मोबाईलवर तिची किंमत लाखांत काढतो. आता तर मेटल डिटेक्टरही घरपोच येतो. त्याच्या कड्यातून जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडलं जातं. त्याने धातूत बारीक विद्युतप्रवाह उठतात आणि यंत्र ते टिपून आवाज देतं. खाली धातू आहे एवढंच त्यातून कळतं. तो वखराची तुटलेली पास आहे, बाटलीचं झाकण आहे की सातवाहनांचं नाणं, हे आपलं आपण ठरवायचं.

चकती किती खोल सापडली यावरूनही वय काढता येत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरचं खाली, खालचं वर करत राहते. भेगेत पडलेला १९४० सालचा पैसा हातभर खोल जाऊ शकतो.

घासू नका, आधी तोला

चिंच, लिंबू, रांगोळी, पितांबरी यांतलं काहीही लावू नका. तांब्यावरचा हिरवा थर घासला की अक्षरंही त्याच्याबरोबर जातात. साध्या पाण्याने माती सोडवा, सुती फडक्याने टिपा आणि टॉर्चचा उजेड बाजूने तिरपा टाका. समोरून सपाट दिसणारं नाणं तिरप्या उजेडात अक्षरं दाखवू लागतं.

मग सोनाराच्या काट्यावर वजन घ्या. इंग्रजी नाण्यांची वजनं ठरलेली होती. १८३५ पासूनचा कंपनीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, तांब्याचा पाव आणा सुमारे साडेसहा ग्रॅमचा. १९०६ पासून पाव आणा कांस्याचा झाला आणि पाच ग्रॅमच्याही खाली आला. आजीच्या पिढीचा भोकाचा पैसा १९४३ चा, दुसऱ्या महायुद्धातल्या धातूटंचाईतला. व्हिक्टोरिया राणीच्या नाण्यावर ‘क्वीन’ असेल तर ते १८७७ पूर्वीचं, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ किंवा त्यानंतरचं.

जाड, वेडावाकडा, हाताने ठोकलेला ढब्बू पैसा निघाला, तर तो शिवराई असण्याची शक्यता मोठी. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यामुळे सगळी अक्षरं क्वचितच उमटतात. कुठे नुसतं ‘राजा’ दिसतं, कुठे ‘पति’चा अर्धा भाग. मात्र शिवराई म्हणजे महाराजांच्याच काळची असं नव्हे. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेला हा पैसा पेशवाईत आणि पुढे एकोणिसाव्या शतकातही ठिकठिकाणी पडत राहिला. अक्षरांसोबत दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे नंतरची.

नागपूरकर भोसल्यांच्या रुपयावर फारसी अक्षरं असतात आणि नाव दिल्लीच्या अहमदशाह बहादूरचं. हा बादशहा १७५४ मध्येच गादीवरून गेला, पण त्याच्या नावाचा रुपया भोसल्यांच्या राज्यात पुढे कितीतरी वर्षं पडत राहिला. तेव्हा नाण्यावरचं नाव वाचून घाईने साल ठरवू नये.

नाणं नसलेली नाणी

कडेला लटकवायचं भोक, एक क्रमांक, दोन-तीन आद्याक्षरं आणि राजाचा पत्ताच नाही, अशी चकती बहुधा टोकन किंवा बिल्ला असते. गिरण्या, कारखाने, हमाल, आसामचे चहामळे अशा अनेक ठिकाणी ती चालत. बाजारभाव फार नसला तरी गावाच्या मजुरीचा, कापसाचा, रेल्वेचा इतिहास तिच्यात असतो.

रामटंका वेगळी. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला हनुमान असा हा देवघरातला ऐवज. त्यावर छापलेल्या सालाला फारसा अर्थ नसतो. तिचाच बनावट भाऊ म्हणजे १८१८ सालचा ‘ईस्ट इंडिया कंपनी’चा हनुमान छाप अर्धा आणा. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. तरीही ते अस्सल म्हणून विकलं जातं. ‘तांदूळ ओढणारं नाणं’ म्हणजे राईस पुलर हा तर निव्वळ ठकबाजीचा धंदा, आणि त्याचे गुन्हे राज्यात नोंदले गेले आहेत.

किंमत कशाला?

वर्ध्याजवळच धाम नदीकाठी पवनार आहे. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मांडलं. इथे शेत खणताना विनोबांना राम-भरत भेटीचं शिल्प मिळालं. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खनन केलं. वाकाटकांनी नाणी पाडलीच नाहीत, असं अभ्यासक दीर्घकाळ धरून चालले होते. पवनारहून मिळालेल्या तांब्याच्या नाण्यांनी ती समजूत डळमळीत केली. नाण्यांबरोबर ‘पवनार’ हे ठिकाण नोंदलेलं होतं, म्हणूनच हे शक्य झालं.

वऱ्हाडातल्या तऱ्हाळ्याला, मंगरूळपीरजवळ, १९३९ मध्ये सुमारे १६०० सातवाहन नाण्यांचा साठा निघाला. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. धातू पोटीन, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचं मिश्रण. त्यातून मिराशींना कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी हे पुराणांच्या यादीत नसलेले तीन राजे सापडले. साठा फुटून दहा घरी गेला असता किंवा तांबटाकडे वितळला असता, तर ते तिघे पुन्हा हरवले असते.

कायदा काय म्हणतो

१८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ती बेवारस ठरली आणि आधी काही करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला ती घ्यायची असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेता येते. लपवली तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खोदणं हा वेगळा गुन्हा. इंग्लंडमध्ये १९९७ पासून डिटेक्टरवाल्यांनी आणून दिलेल्या शोधांची ठिकाणासह नोंद होते. तिथे दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडे अशी सोय नाही, म्हणून नोंद सापडणाऱ्यानेच ठेवायची.

नाणं कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर गाव, गट क्रमांक, तारीख, किती खोल आणि सोबत काय निघालं ते लिहा. खापराचे तुकडे, मणी, विटा, जळालेली माती, सगळं लिहा. वजन लिहा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग जिल्हाधिकारी कार्यालयात कळवा. ओळख पटवायला नागपूरचं १८६३ पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. तिथला जाणकार नाण्याआधी पाकीट वाचेल, कारण नुसतं तांबं त्याने हजारदा पाहिलेलं असतं.