गाळून टाकलेली खरखर

मनमाड–दौंड मार्गावरच्या रात्रीच्या गाडीत कोपरगाव मागं पडलं की डब्यात घोरण्याचंच राज्य. मधेच एखाद्याचं घोरणं तुटतं. दहा सेकंद, वीस, कधी त्याहून जास्त. छाती-पोटाची ओढाताण चालू असते, पण घसा मिटलेला, हवा आत जात नाही. मग जोरात फुरफुरून पुन्हा घोरणं सुरू. सकाळी त्या गृहस्थांना विचारा, छान झोप लागली म्हणतील!

शरीर मात्र रात्रभर झुंजलेलं असतं. ऑक्सिजन उतरला की मानेतल्या रोहिणीला जिथे फाटा फुटतो तिथला तांदळाच्या दाण्याएवढा अवयव मेंदूला खबर देतो. संकटकाळी धावून येणारी अनुकंपी चेतासंस्था खवळते, रक्तवाहिन्या आवळते. श्वास सुटताच नाडी आणि रक्तदाब उसळतात. झोपेत श्वास अडण्याचा हा आजार तीव्र असेल तर हे तासाला तीस वेळा किंवा त्याहून जास्त. 1995 साली सोमर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा रुग्णांच्या अनुकंपी चेता दिवसा, जागेपणी, श्वास सुरळीत असतानाही खवळलेल्याच असतात.

ते कळलं कसं? गुडघ्याजवळच्या चेतेत बारीक सुई खुपसून. रोजच्या तपासणीत हे कोण करून घेणार? झोपेचं खोबरंच.

खरी गंमत पुढे आहे. ईसीजी यंत्र साधारण 150 हर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं खरखर म्हणून गाळून टाकतं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या पेंग-शेंग चेन यांच्या गटानं नेमकं उलट केलं. 500 हर्ट्झच्या खालचं, म्हणजे चक्क हृदयाचे ठोकेच, गाळले आणि उरलेली खरखर तपासली. तिच्यात त्वचेजवळच्या अनुकंपी चेतांचे विजेचे झटके होते, जेमतेम काही मायक्रोव्होल्टचे! इलेक्ट्रोड तेच, नेहमीचे चिकटवायचे. फक्त सेकंदाला हजारो नोंदी घेणारं यंत्र हवं. इतकी वर्षं आपण हे फेकून देत होतो.

आजार दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उडवाडिया यांच्या गटानं 250 मध्यमवयीन पुरुषांची झोप त्यांच्या घरीच तपासली होती. 2004 साली छापलेल्या त्या अभ्यासात झोपेत श्वास बिघडण्याचं प्रमाण 19.5 टक्के निघालं.

उपचार म्हणजे सीपॅप, दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारा मुखवटा. त्यानं ऑक्सिजन सावरला हे बोटावरची चिमटी सांगते. चेता शांत झाल्या का, हे विचारायला आता सुईची गरज उरलेली नाही.