घरच्या चित्रफितीतला आवाज

जुन्या हँडीकॅमकडे विशीतली तरुण मंडळी पुन्हा वळू लागल्याची बातमी वाचकांच्या नजरेखालून गेलीच असेल, आणि त्या चित्रांच्या मळकट, धूसर रंगांचे झालेले कौतुकही त्यांनी वाचले असेल. रंगांची ही आवड यथावकाश ओसरेल; परंतु घरातल्या वडीलधाऱ्यांची बोली, त्यांची हाक मारण्याची लकब आणि गोष्ट सांगता सांगता मध्येच थबकण्याची सवय ज्यांना पुढील पिढीच्या हवाली करावयाची आहे, त्यांच्या दृष्टीने हे लहानसे, परवडणारे यंत्र अद्यापि मोलाचे आहे, आणि ते मोल चित्रापेक्षा आवाजात अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून मागविलेल्या यंत्राने १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, आणि रँग्लर परांजपे १९०१ साली केंब्रिजहून परतले तेव्हाचे त्यांचे स्वागतही चित्रित केले. परंतु त्या कुस्तीतला प्रेक्षकांचा गलका अथवा त्या स्वागतातला जयघोष आज कोणालाही ऐकता येणार नाही, कारण ते चित्र जन्मतःच मुके होते. चुंबकीय फितीवर चित्र आणि आवाज दोन्ही एकाच यंत्रात नोंदविण्याची सोय सर्वसामान्य गृहस्थाला सोनीच्या बेटामूव्हीने १९८३ साली दिली, आणि पुढे दोन वर्षांनी आठ मिलिमीटर फितीचा हँडीकॅम आला, ज्याच्या नावाने आपल्याकडे सगळेच कॅमकॉर्डर ओळखले जाऊ लागले.

सोय आली, पण तिचा लाभ आपण घेतला नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या लग्नांच्या कॅसेटी आठवून पाहाव्यात. अंतरपाट धरलेला आहे, मामा नवरीच्या मागे उभा आहे, आजी नातीच्या कानाशी वाकून काही सांगते आहे, तिचे ओठ हललेले स्पष्ट दिसतात, आणि ऐकू मात्र येते ते त्या सालचे गाजलेले सिनेमागीत, कारण शूटिंगवाल्याने मिक्सिंग करताना मूळ आवाज सरसकट पुसून टाकलेला असतो. ही हानी मला फार मोठी वाटते. चेहरा अल्बममधल्या छायाचित्रातही सापडतो, आवाजाला मात्र दुसरा दाखला नसतो.

म्हणून हे काम घरच्या माणसाने करावे. सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ या २०१५ सालच्या साध्या नमुन्याचे उदाहरण घ्या: वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, भिंगाची झूम तीसपट, नोंद लहानशा मायक्रो एसडी कार्डावर. त्याचा चित्रग्राहक अत्यंत लहान असल्याने सायंकाळच्या मंद उजेडात चित्र रवाळ दिसते, आणि त्या बाबतीत चांगला मोबाइल त्याला सहज मागे टाकतो, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मोबाइल हा कोणाचा तरी असतो, त्यावर फोन येतात, आणि त्याने माणूस अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडेच घेतो. कॅमकॉर्डर तिकाटण्यावर ठेवून चार्जरला जोडला की कार्डात जागा असेपर्यंत तो आपले काम निमूटपणे करीत राहतो आणि बोलणाऱ्याला त्याचा विसर पडतो. अमेरिकेतल्या नातलगांकडून जुना कॅमेरा मागविणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तिकडचा कॅमेरा तिथल्या साठ आवर्तनांच्या विजेला अनुसरून चालतो, आणि आपल्या पन्नास आवर्तनांच्या ट्यूबलाइटखाली त्याचे चित्र लुकलुकण्याचा संभव असतो.

आता मुद्दा ध्वनीचा. झूमने चेहरा जवळ येतो, आवाज येत नाही. मोकळ्या जागी बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि पंखा, कुकर, रस्त्यावरचा हॉर्न यांचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. आजी चकल्या पाडीत बसली असेल तर कॅमेरा दाराशी उभे राहून धरू नये. ओट्यावर एखादा उंच डबा ठेवून त्यावर तो तिच्यापासून दोन हातांवर बसवावा, खिडकी तिच्या पाठीशी येऊ देऊ नये, पंखा आणि मिक्सर बंद करावा, आणि मग भाजणीत मोहन किती घालायचे एवढेच विचारावे. ती सोऱ्या फिरवीत उत्तर देईल, मध्येच काटा मोडलेल्या चकलीवर चिडेल, सासूबाईंच्या हातच्या चकलीची आठवण काढील, थांबेल. ती थांबली म्हणून कॅमेरा बंद करू नये; पुष्कळदा खरी हकिगत त्या विरामानंतरच सुरू होते.

ज्यांच्या कपाटात जुन्या कॅसेटी आहेत, त्यांचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. व्हीसीआर बनविणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबविले, आणि युनेस्कोने २०१९ साली चुंबकीय फितींविषयी जगाला इशारा दिला, कारण फिती टिकल्या तरी त्या वाजविणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग दुर्मिळ होत चालले आहेत. कोकणातल्या दमट हवेत फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट घरच्या यंत्रात घालून पाहण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्याने फीत फाटते आणि बुरशी यंत्रातून पुढच्या कॅसेटीलाही लागते. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी. मिनीडीव्हीची तासाभराची फीत संगणकावर जशीच्या तशी उतरविली तर सुमारे १३ गीगाबाइट जागा लागते, म्हणजे साध्या हार्ड डिस्कवर आख्ख्या कुटुंबाचे दप्तर मावते. उतरवून घेताना मूळ आवाज शाबूत आहे याची खातरजमा करावी, त्यावर संगीत चढवू देऊ नये, आणि दोन प्रती करून त्या दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. हे काम या दिवाळीच्या सुट्टीतच हाती घ्यावे, ही वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे.