डोंगरमाथ्यावरचा शब्द

काही इंग्रजी शब्द कोट-टोपी चढवूनच आपल्या घरी येतात. 'पॅरामाउंट' हा त्यांपैकी एक. चित्रपटाच्या आरंभी दिसणाऱ्या त्या डोंगराच्या चित्रामुळे तो अनेकांच्या ओळखीचा आहे; पण अर्थ विचारला, तर 'फार महत्त्वाचा' एवढेच उत्तर मिळते. ते अपुरे आहे.

शब्दाचे कूळ पाहा. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंच बोलीत 'वरच्या अंगाला' या अर्थी जो शब्द होता, त्याचा मूळ अर्थ 'डोंगराकडे'. त्यातूनच 'पॅरामाउंट' निघाला. बिलातली 'अमाउंट' ही त्याचीच बहीण! जमिनीच्या जुन्या कायद्यात ज्याच्यावर दुसरा धनी नाही तो 'लॉर्ड पॅरामाउंट', आणि सर्वांत खालचे कूळ ते 'पॅरव्हेल', म्हणजे दरीकडचे. तात्पर्य, हा शब्द नुसता मोठेपणा सांगत नाही, क्रम सांगतो. म्हणूनच 'मोस्ट पॅरामाउंट' म्हणणे व्यर्थ. शिखरावर आणखी शिखर कुठले?

या शब्दाचा दरारा आपल्या संस्थानिकांनी चांगलाच अनुभवला. कोल्हापूर, सांगली, औंध येथे राजे गादीवर होते. पण त्यांच्याही वर ब्रिटिशांची 'पॅरामाउंट पॉवर' होती. निजामाने वऱ्हाड परत मागताना बरोबरीची भाषा केली, तेव्हा १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्याला स्पष्ट बजावले की, अशी बरोबरी कोणाही संस्थानिकाला सांगता येणार नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ती अधिसत्ता संपली.

शब्द मात्र उरला, आणि चांगल्या घरी पडला. हिंदू अज्ञान व पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्यातील तेरावे कलम सांगते, की कोर्टाने पालक नेमताना अज्ञान मुलाचे हित 'पॅरामाउंट' मानावे. नुसते 'महत्त्वाचे' म्हटले असते, तर एका पारड्यात मुलाचे हित आणि दुसऱ्यात वडिलांचा हक्क, आईचा हक्क किंवा आजोबांची ऐपत, असा तोल करीत बसावे लागले असते. या एका विशेषणाने मुलाला सर्वांच्या वर बसविले. मराठीत त्याला 'सर्वोपरी' हा शब्द शोभतो.

परिपत्रकात स्वच्छता, शिस्त आणि वक्तशीरपणा हे तिन्ही 'पॅरामाउंट' ठरविणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: हा शब्द वापरला, की बाकीचे सारे त्याच्या खाली ठेवावे लागते. तशी तयारी नसेल, तर 'महत्त्वाचे' हा आपला साधा शब्द पुष्कळ आहे.