नाणेघाटातील राजघराण्याचे पूर्वजगृह

खोडदहून जुन्नरमार्गे नाणेघाट गाठला, तेव्हा कोकणातून वर चढलेले धुके अद्याप विरले नव्हते. सोबत नातू होता. घाटमाथ्यावरील दगडी रांजण पाहून, जकातीची नाणी यात टाकीत, ही परंपरागत समजूत मी त्याला सांगितली. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला येई. व्यापारी कुळातल्या माणसाचे पाऊल येथे आपोआप थबकते.

खरे दर्शन मात्र लेण्यात घडते. मागील भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या आठ उठावाच्या प्रतिमा होत्या. आज काहींच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वर कोरलेली काही नावे मात्र वाचता येतात. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, कुमार, आणि महारठी त्रनकयिरो. हा महारठी राणीचा पिता मानला जातो. सासरच्या पूर्वजगृहात माहेरचा पुरुष!

कोरियातील सोल येथे जोसन राजवंशाचे जोंगम्यो हे कन्फ्यूशियन पूर्वजमंदिर आहे. ते 1395 मध्ये पूर्ण झाले. तेथे मूर्ती नाहीत, राजा-राण्यांच्या लाकडी स्मृतिपट्ट्या आहेत. 1592 च्या जपानी आक्रमणात वास्तू जळाली, पट्ट्या वाचल्या; 1608 मध्ये मंदिर पुन्हा उभे राहिले. तेथे दरवर्षी विधी होतो. नाणेघाटात दिवा लावणारा वंशज उरलेला नाही.

बाजूच्या भिंतींवरील ब्राह्मी लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची नोंद आहे. यज्ञमार्ग आपला नव्हे. पण 24,400 कार्षापण, 6,001 कार्षापण असे आकडे वाचताना बँकेत आयुष्य घालविलेल्या मला खातेवहीच उघडल्यासारखे वाटले. वरचा तो ‘एक’ तर आपण आजही आहेराच्या पाकिटात घालतो. हा लेख नायनिकेने, म्हणजेच नागनिकेने, कोरविला असे अभ्यासक मानतात.

नातवाने विचारले, “आजोबा, आपल्या वहीत पणजीचे नाव आहे का?”

आमच्या घरी वडिलोपार्जित वंशावळीची वही आहे. सात पिढ्यांचे पुरुष तीत क्रमाने लिहिलेले आहेत. एकाही स्त्रीचे नाव नाही. इतकी वर्षे ती मी दिवाळीला पूजेत ठेवली, हे कधी ध्यानात आले नाही.

त्याच रात्री वृद्ध आत्याबाईंना फोन केला. माझ्या आजीचे सासरी ठेवलेले नाव त्यांनी तत्काळ सांगितले. माहेरचे नाव त्यांना आठवेना.