हाड मऊ व्हायला लागणारे दिवस

परळच्या जेरबाई वाडिया रोडवर फुटपाथला पथारी टाकून राहणाऱ्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो : "ताई, रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग बोन मॅरोलाच इतके दिवस का?" मी याच भागातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मॅरोच्या स्लाइड बनवणं, रंगवणं हे माझं रोजचं काम. त्या दिवसांत नमुना कुठे पडून राहिलेला नसतो, हे या माणसांना कुणीतरी नीट सांगायला हवं.

कमरेच्या मागे हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यातून, जागा बधिर करून, डॉक्टर दोन नमुने घेतात. एक सिरिंजने ओढलेली पातळ मज्जा. दुसरा जमशिदी सुईने काढलेला हाडाचा तुकडा, उदबत्तीच्या काडीएवढा बारीक. तो दोन सेंटिमीटर तरी लांब हवा. आखूड असला तर आजार नेमका निसटू शकतो.

पातळ मज्जेचं काम लगेच उरकावं लागतं, नाहीतर ती गोठते. काचेवरच्या रक्तात पांढुरके, चकचकीत कण दिसले की माझा जीव भांड्यात पडतो, कारण खरी मज्जा त्या कणांत असते. स्लाइड वाळली की लिशमन स्टेन ओतायचा, दोनेक मिनिटांनी त्यावर दुप्पट बफर, मग साताठ मिनिटं थांबायचं. बफरचा पीएच 6.8 लागतो. तो वर गेला तर सगळं निळसर, खाली आला तर लालभडक, आणि पेशी ओळखणं अवघड. एक स्लाइड पर्ल्सच्या पद्धतीने रंगवतो. साठवणीतलं लोह तिच्यात निळं दिसतं.

पण कधी कधी सिरिंजमध्ये काहीच येत नाही. मायलोफायब्रोसिससारख्या आजारात मज्जेत तंतूंचं जाळं झालेलं असतं. मग सगळी भिस्त हाडाच्या तुकड्यावर.

आणि वेळ लागतो तो इथेच. तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये मुरतो. पण हाड ते हाडच, त्यातलं कॅल्शियम काढल्याशिवाय पातीने कापता येत नाही. आम्ही याला 'डीकॅल' म्हणतो. नायट्रिक ॲसिड हे झटपट करतं, पण जास्त वेळ राहिलं तर पेशींची केंद्रकं फिकी पडतात, डीएनए तुटतो. मग पुढच्या जनुकीय तपासण्यांना हातात काही उरत नाही. ईडीटीए सावकाश काम करतं आणि पेशी जपतं. मला विचाराल तर मी ईडीटीएच निवडीन.

मग अल्कोहोल, झायलीन, साठेक अंशांचं वितळलेलं मेण. मेण थिजून तयार झालेला ब्लॉक मायक्रोटोमवर चढतो आणि तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. कॅल्शियम राहिलं असेल तर पात्याखाली कर्रकन आवाज येतो, काप फाटतो. सगळं जमलं असेल तर कापांची रिबन कोमट पाण्यावर सुरकुती न पडता पसरते. ती स्लाइडवर अलगद उचलायची. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळणारा रंग. त्याने केंद्रकं निळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी. चांदीच्या द्रावणाने तंतू काळे उठून दिसतात. त्यानंतरही शंका राहिली तर अँटिबॉडी लावून पेशींची जात ठरवावी लागते, म्हणजे आणखी एक-दोन दिवस.

परळला या कामाची मोठी परंपरा आहे. टाटा हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं, तिथे डॉ. वसंत खानोलकरांनी पॅथॉलॉजीचा पाया घातला. 1983 मध्ये देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण तिथेच झालं. प्रत्यारोपणाच्या आधी आणि नंतर मॅरो पुन्हा पुन्हा तपासावी लागते, तीही अशाच काचांवर.

दुसऱ्या हॉस्पिटलात जायचं असेल तर रिपोर्टच्या कागदासोबत स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या. तिथे नवे काप काढता येतात, बऱ्याचदा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. ब्लॉक मेणाचा असतो, तेव्हा गावाकडच्या प्रवासात उन्हात किंवा स्टोव्हजवळ ठेवू नका.