‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर?

समजा, संध्याकाळची दिवा-रोहा मेमू. पेण सुटलं, दारात ही गर्दी, कासूला उतरता उतरता खिशात हात घातला तर फोन गायब. आता सांगा, चोरी कुठं झाली? पेणला? पेण-कासूच्या मधे? की पनवेललाच गेला होता आणि तुम्हाला आत्ता कळलं? गाडीत झाली म्हणून लोहमार्ग पोलिसांकडं जायचं, की गावच्या ठाण्यात? या एका प्रश्नापायी आपल्यातले बरेच जण सरळ घरी जातात, दोन दिवस हळहळतात आणि नवा फोन हप्त्यावर घेतात. त्यात कासूचं कॉलेजियन म्हणजे कायमच मधलं. एक पाय पेणला, एक रोह्याला.

तर मंडळी, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं हा हद्दीचा घोळ निदान कागदावर तरी संपवलाय. कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठंही घडलेला असो. ठाणं शून्य नंबरनं गुन्हा नोंदवतं आणि ज्यांची हद्द त्यांच्याकडं पाठवतं. हाच तो झिरो एफआयआर. माहिती ऑनलाइन पाठवली तरी चालते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. तक्रार घेतलीच नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा (आपले अलिबागला बसतात). तिथंही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो.

प्रत मिळाली की डुप्लिकेट सिम काढा, कारण पुढचा ओटीपी त्यावरच येणार. मग ‘संचार साथी’वरच्या सीईआयआर सेवेत आयएमईआय नंबर टाकून फोन ब्लॉक करा. देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर तो चालत नाही आणि कुणी सिम घालून बघितलंच तर त्याचा माग निघतो. हा नंबर स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की दिसतो. आत्ताच बघा आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. फोन गेल्यावर फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर काय कामाचा?

आता पोलिसांच्या कॉम्प्युटरबद्दल. सीसीटीएनएस हे नाव ऐकलं असेल. २६/११ नंतर, २००९ मध्ये केंद्रानं मंजूर केलेलं आणि महाराष्ट्रात २०१५ मध्ये सुरू झालेलं हे जाळं पोलीस ठाणी एकमेकांना जोडतं. एका ठाण्यातली बेपत्ता व्यक्तीची नोंद दुसऱ्या ठाण्यातल्या बेवारस मृतदेहाशी ताडून बघता यावी, हा त्याचा एक मोठा उपयोग.

असं ताडून बघणं का लागतं, हे पेण तालुक्याला कुणी सांगायला नको. गागोदे आपण विनोबांचं जन्मगाव म्हणून ओळखतो. त्याच गागोद्याच्या जंगलात मे २०१२ मध्ये जळालेले मानवी अवशेष सापडले. नमुने मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले. पण खुनाचा गुन्हा दाखल झाला नाही, अकस्मात मृत्यूची नोंदसुद्धा झाली नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत अटका झाल्या, शीना बोरा हे नाव घरोघरी पोचलं आणि गागोद्याला सापडलेले अवशेष तिचेच, असं तपास यंत्रणांनी सांगितलं. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. पण मधली तीन वर्षं बघा ना!

तेव्हा कॉम्प्युटर असता तर लगेच उलगडा झाला असता, असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. कॉम्प्युटर दोन नोंदी जुळवतो. इथं आपल्या बाजूची नोंदच नव्हती, मग तो जुळवणार काय? रजिस्टर असो की सर्व्हर, कुणीतरी लिहावं लागतंच.

पैसे गेले असतील तर हे लिहिणं मिनिटांत व्हायला हवं. १९३० लावा. तुम्ही सांगितलेला व्यवहार ज्या बँकेत गेला तिला सूचना जाते आणि पैसे अजून खात्यात असतील तर ते रोखले जातात. पुढच्या बँकेत गेले असतील तर सूचना तिथं. म्हणजे शर्यत आहे ती. ‘आई ओरडेल’ म्हणून रात्रभर गप्प बसलात तर तेवढ्यात पैसे चार खाती फिरून एटीएममधून बाहेर. आणि त्या चार खात्यांतलं एखादं कॉलेजच्या पोराचंच असू शकतं, ‘नुसतं खातं वापरायला दे, कमिशन देतो’ म्हणणाऱ्याला दिलेलं. पोलीस आधी त्याच्याच दारात येतात.

चॅट मात्र डिलीट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर कोर्टात भागत नाही. जालन्याचं उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत आला होता का, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन थांबला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डिजिटल पुराव्याची कॉपी द्यायची तर ती कशी, कुठल्या यंत्रातून काढली याचं प्रमाणपत्र हवं. मालकानं मूळ यंत्रच हजर केलं तर नको. प्रमाणपत्राची अट आताच्या साक्ष अधिनियमातही आहे. म्हणून ज्या फोनवर मेसेज आला तो फोन जपा. फॉरमॅट मारू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

आणखी एक तारीख लिहून ठेवा. तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांत तक्रारदाराला कळवणं नव्या कायद्यानं पोलिसांना बंधनकारक केलंय, मेसेजवर कळवलं तरी चालतं. ९१ व्या दिवशीही काही आलं नाही तर एफआयआर नंबर घेऊन ठाण्यात जा आणि विचारा. एकट्यानं जायला धाकधूक होत असेल तर ग्रुपमधल्या दोघांना सोबत न्या.